950चा आकडा: चाळीतल्या कांद्याचं एक प्रकरण

"इकू का ठिवू, तेवढं सांगा. बाकी तुमची रांगोळी राहू द्या."

एका शेतकरी काकांनी कांद्याबद्दल हे विचारलं तेव्हा आम्हा पाच कृषिकन्यांना, म्हणजे कार्यानुभवासाठी गावात आलेल्या कृषी महाविद्यालयाच्या विद्यार्थिनींना, काकांच्या गावात येऊन आठ दिवस झाले होते. मारुतीच्या देवळासमोर रांगोळीने गावाचा नकाशा काढून झाला होता. सोयाबीनच्या बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक झालं होतं आणि त्याच्या चार ओळी फोटोसकट स्थानिक दैनिकात आल्या होत्या. कात्रण अहवालात चिकटवायचं असतं, त्यामुळे आम्ही खुशीत होतो. काकांच्या चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, मात्र उन्हाळ कांदा पडून होता. आमच्या अहवालाच्या साच्यात त्यांच्या प्रश्नाला रकानाच नव्हता.

शेत व्यवस्थापन हा विषय आम्हाला वर्गात दोन श्रेयांकांचा होता, एक व्याख्यानाचा आणि एक प्रात्यक्षिकाचा. सातव्या सत्रातल्या ग्रामीण कृषी कार्यानुभवाला 20 श्रेयांक. हा दोनाचा विषय त्या विसात कुठे उपयोगी पडतो, हे मला काकांच्या चाळीत कळलं. तेही आधी चुकून.

गाव नाशिक जिल्ह्यातलं, कांद्याच्या पट्ट्यातलं. गावाचं आणि माणसांचं नाव देत नाही. शेतावरचे आकडे हिशोब समजावा म्हणून गोल केले आहेत. सरकारी निर्णय आणि त्यांच्या तारखा आहेत तशाच ठेवल्या आहेत. साल 2023.

त्या वर्षीचा कांदा

2023ची सुरुवातच वाईट होती. फेब्रुवारीत लाल कांदा इतका कोसळला, की सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला 512 किलो कांद्यापोटी हमाली, तोलाई, भाडं वजा जाऊन 2 रुपयांचा धनादेश मिळाला. ती बातमी देशभर फिरली. राज्य सरकारने फेब्रुवारी-मार्चमध्ये विकलेल्या लाल कांद्याला क्विंटलमागे 350 रुपये, जास्तीत जास्त 200 क्विंटलपर्यंत, असं अनुदान जाहीर केलं. काकांचा कांदा उन्हाळ. तो एप्रिलमध्ये निघाला, त्यामुळे त्यांच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही.

उन्हाळ कांदा टिकतो, म्हणूनच तो चाळीत जातो. पण टिकण्यासाठी त्याच्या माना (कांदा आणि पात यांमधला भाग) नीट पडलेल्या हव्यात, पात शेतात सुकलेली हवी आणि वरचा पापुद्रा कोरडा हवा. त्या वर्षी पाडव्याच्या आगेमागे अवकाळी झाला, एप्रिलमध्ये पुन्हा झाला. काकांचा काही माल काढून शेतात पडलेला असताना भिजला. दोन एकरांत 220 क्विंटल निघाला. त्यातला 40 क्विंटल मजुरी आणि औषधवाल्याची उधारी भागवायला 700च्या भावाने लगेच विकला आणि उरलेला 180 क्विंटल चाळीत भरला. चाळ 25 टनांची. तळाशी वाळूविटांचा थर, दोन्ही बाजूंनी बांबूच्या पट्ट्या, वर पत्रा. पत्र्यावर काकूंनी उसाचं पाचट टाकलं होतं, दुपारचा ताव कमी लागावा म्हणून.

आधी खर्च

आम्हाला शिकवल्याप्रमाणे मी खर्चापासून सुरुवात केली. काकांकडे पतसंस्थेची जुनी डायरी होती. तिच्यात खताच्या पावत्या, फवारणीची नावं आणि लावणीच्या टोळीला दिलेली उचल, असं सगळं होतं. "लाख-सव्वा लाख गेले," एवढं त्यांना तोंडपाठ होतं. बेरीज केली तर ते फारसे चुकले नव्हते. रोपवाटिका आणि मशागत 14,000, लावणी 24,000, खतं 22,000, फवारण्या 16,000, खुरपणी आणि तणनाशक 9,000, काढणी आणि पात कापणी 22,000, शेतातून चाळीपर्यंत वाहतूक 6,000, वीज आणि ठिबकचा घसारा 6,000. बियाणं घरचं, 6 किलो. त्यांच्या लेखी ते फुकटच होतं. पण विकलं असतं तर पैसे आले असते, म्हणून मी त्याचे 9,000 धरले. खेळत्या भांडवलावरचं व्याज 4,000. एकूण 1,32,000. भागिले 220 म्हणजे क्विंटलला 600 रुपये.

कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या पद्धतीत हा झाला ए-1 खर्च. खंडाने घेतलेली जमीन नव्हती, म्हणून ए-2ही तेवढाच. त्यात घरच्या माणसांच्या कामाची किंमत मिळवली की ए-2 अधिक एफएल. त्यापुढे स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्थिर भांडवलावरचं व्याज धरलं की सी-2. या दोन नावांवरून देशात मोर्चे निघालेत. 2018-19च्या अर्थसंकल्पात खर्चाच्या दीडपट हमीभावाची घोषणा झाली, तेव्हा दीडपट नेमकी कशाची, हाच वाद होता. सरकारने ए-2 अधिक एफएल धरला, संघटना सी-2 मागत होत्या आणि अजूनही मागतात. कांद्याला हमीभाव नाही, पण मोजायची फूटपट्टी तीच.

घरच्या कामाचे दिवस काकांना विचारले, तर म्हणाले, "लिहा पंधरा-वीस."

काकू आत भाकरी थापत होत्या. परातीतला हात न थांबवता त्यांनी मोजायला सुरुवात केली, तारखांनी नव्हे तर सणांनी. दत्तजयंती झाली की रोप उपटायला बसलो. संक्रांतीच्या आत लावण संपली. टोळीने लावली खरी, पण मेलेल्या रोपांच्या नांग्या मी एकटीने भरल्या, ते धरा. होळीपर्यंत दोनदा खुरपलं, बाया कमी पडल्या त्या दिवशी मी होतेच. पाणी यांनी दिलं, रात्रीची लाइट असायची तेव्हा. रामनवमीनंतर काढणी. भिजलेला कांदा पाटी पाटी उचलून कोरड्यात नेला, ते तीन दिवस. चाळीत भरताना निवडला, ते पाच. सगळं मिळून काकूंचे 70 दिवस निघाले आणि काकांचे 30. काका दारात उभे राहून ऐकत होते. मधेच म्हणाले, "सत्तर?" काकूंनी भाकरी तव्यावर टाकली, त्यावर पाण्याचा हात फिरवला आणि म्हणाल्या, "कमीच सांगितले."

बाईची रोजंदारी 300, माणसाची 400, म्हणून 21,000 अधिक 12,000, एकूण 33,000. इथे मला एक गोष्ट खटकली आणि अजून खटकते. काकूंचा दिवस 300चा का? कारण बाजारात बाईला तेवढेच मिळतात. पद्धत शास्त्रीय असते, पण तिच्यात भरलेले दर गावातून येतात आणि गावाचा दुजाभाव सोबत घेऊनच येतात. अहवालात त्यावर टिपण लिहायला जागा नव्हती, म्हणून इथे लिहिते.

बेरीज 1,65,000 झाली, क्विंटलला 750. जमिनीचा हंगामाचा खंड दोन एकरांचा 30,000 आणि विहीर, ठिबक, चाळ यांत अडकलेल्या भांडवलावरचं व्याज 14,000 मिळवलं की सी-2 खर्च 2,09,000. क्विंटलला 950.

950 ही संख्या मला फार आवडली. ती मी अहवालात लाल चौकटीत टाकली आणि खाली शिफारस लिहिली: उत्पादन खर्च 950, त्यावर साठवणुकीचा खर्च धरता शेतकऱ्याने 1,100च्या खाली कांदा विकू नये.

सरांचा प्रश्न

पंधरवड्याच्या भेटीला आमचे मार्गदर्शक सर आले. मोटारसायकलवरून उतरून थेट चाळीपाशी गेले, दोन कांदे उचलून दाबून पाहिले, मग माझा अहवाल वाचला. म्हणाले, "समजा खर्च 950 नाही, 300 आला असता. मग सल्ला बदलला असता?"

मी म्हटलं, हो, मग 400लाही परवडलं असतं.

"आणि 2,000 आला असता तर? भाव 2,000 होईपर्यंत चाळीत सडू द्यायचा?"

मी गप्प.

मग त्यांनी जमिनीवर काडीने दोन रेघा ओढल्या. एक रेघ एप्रिलच्या आधीची, दुसरी आजच्या पुढची. बियाण्यापासून चाळ भरेपर्यंतचा सगळा खर्च पहिल्या रेघेच्या मागे. कांदा आज विकला तरी तो झालेलाच आहे, दिवाळीला विकला तरी झालेलाच, उकिरड्यावर टाकला तरी झालेलाच. विकू का ठेवू हा प्रश्न फक्त दुसऱ्या रेघेच्या पुढचा आहे. पुढे वजन किती घटणार, निवडायला किती मजुरी जाणार, अडकलेल्या पैशावर व्याज किती आणि भाव किती चढणार. 950 यात कुठेच येत नाही.

हे वर्गात आम्ही लिहिलं होतं. अंशतः अंदाजपत्रक, चार रकाने: वाढणारा खर्च, घटणारं उत्पन्न, घटणारा खर्च, वाढणारं उत्पन्न. परीक्षेत बैलजोडी विकून ट्रॅक्टर भाड्याने घ्यावा का, असं उदाहरण होतं. मला त्यात पैकीच्या पैकी मिळाले होते. चाळीपुढे उभं राहिल्यावर मात्र ते आठवलंच नाही, कारण उदाहरणात रकाने आधीच आखून दिलेले होते.

म्हणून 950 वाया गेला असं नाही. पुढच्या वर्षी कांदा लावायचा की नाही, दोन एकर की एक, मुलगा शेतीत राहावा की नाही, हे प्रश्न 950चे आहेत. उधारी फिटेल का, हा प्रश्न 600चा. काकूंच्या 70 दिवसांचं काय झालं, हा 750चा. तिन्ही आकडे खरे आहेत, मी त्यांना भलताच प्रश्न विचारला होता. "खर्चाखाली विकू नका" हा सल्ला मोर्च्यात बरोबर आहे, कारण तिथे मागणी पुढच्या हंगामाच्या भावाची असते. चाळीत तो चूक.

पाच क्रेट

वजन किती घटतं, हे पुस्तकात टक्क्यांत असतं. काकांच्या चाळीतलं कोणालाच माहीत नव्हतं. एप्रिलपासून किती घटलं हे आम्ही अंदाजानेच धरलं: खचलेला ढीग आणि वेचून फेकलेला माल पाहून जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात 158 क्विंटल असावा. पुढचं मात्र मोजायचं ठरवलं. भाजीचे पाच क्रेट आणले, प्रत्येकात नेमका 20 किलो कांदा भरला. दोन क्रेट चाळीच्या दोन टोकांना, दोन बाजूच्या पट्ट्यांलगत आणि एक मधोमध, ढिगात खोल. दर सोमवारी किराणा दुकानातला काटा उसना आणून वजन करायचं.

मधल्या क्रेटने सगळं सांगितलं. पट्ट्यांलगतचे कांदे सुकून हलके होत होते, पण धड होते. मधला क्रेट ओढून काढला की आधी वास यायचा. मग पापुद्र्याखाली काळी बुरशी दिसायची आणि तळाशी एखादा कांदा बोटाने दाबला की पाणी सुटायचं. तो एक काढला नाही तर पुढच्या सोमवारी त्याच्या शेजारचे तीन गेलेले असायचे. भिजलेला माल नेमका तिथेच भरला गेला होता, कारण तो शेवटी आला आणि चाळीत मधली जागाच उरली होती. हे कुणी ठरवून केलं नव्हतं.

चार आठवड्यांनी पाच क्रेटमधल्या 100 किलोंचे 92 किलो राहिले. आठवड्याला साधारण 2 टक्के.

आता 7 ऑगस्टचा हिशोब. चाळीत 145 क्विंटल. काकांच्या मालाला 1,300 सांगत होते, म्हणजे आज विकला तर 1,88,500. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ठेवला तर दहा आठवड्यांनी 116 क्विंटल उरणार. दोनदा निवडायची मजुरी 6,000. हातात आलेल्या पैशाने उधारी फेडली असती, तिचं वर्षाला 12 टक्क्यांनी वाचणारं व्याज 4,500. म्हणजे 116 क्विंटलातून 1,99,000 यायला हवेत. भागाकार केला: 1,716.

म्हणजे भाव 1,300चा 1,716 झाला तर काका होते तिथेच. एक रुपया जास्त नाही. त्यातले 1,625पर्यंतचे तर निव्वळ घट भरून काढायलाच जातात. गावात सगळे म्हणत होते, "दिवाळीला सतराशे-अठराशे होणार, ठेवा." 1,700 झाले असते आणि गावाने म्हटलं असतं, बघा, ठेवला म्हणून चारशे जास्त मिळाले. भाव डोळ्यांना दिसतो, घट कोपऱ्यात वेचून फेकलेली असते.

काकांना 1,716 सांगितला. त्यांनी तो पाटीवर लिहून चाळीच्या खांबाला अडकवला. मग म्हणाले, "पण होईल का, ते सांगा ना." ते मला सांगता येणार नव्हतं. उलट त्यांनीच मार्ग काढला: दोन ट्रॉल्या आता, मधला भिजलेला भाग उकरून. उरलेला टिकाऊ आहे, तो बघू. पुस्तकात जोखीम विभागणीवर एक प्रकरण आहे. काकांना सोसायटीचा हप्ता आणि मुलाची शिकवणीची फी एवढं माहीत होतं. उत्तर दोन्हीकडून तेच आलं.

ऑगस्ट ते ऑक्टोबर

14 ऑगस्टला दोन ट्रॉल्या बाजार समितीत गेल्या. मीही ट्रॅक्टरवर बसून गेले. सकाळी सातलाच रांग होती. लिलावाचा घोळका एका ट्रॉलीपाशी मिनिटभरही थांबत नाही. कोणी मूठभर कांदे उकरतो, आकडे ओरडले जातात, चिठ्ठी हातात पडते आणि घोळका पुढे. चार महिन्यांच्या मेहनतीची किंमत ठरायला लागलेला वेळ मी घड्याळात पाहिला: 40 सेकंद. 1,900 मिळाले. पुढे व्यापाऱ्याच्या खळ्यावर ट्रॉली रिकामी करताना खालचा माल वेगळा आहे म्हणून वांधा निघाला, थोडी तडजोड झाली. 50 क्विंटलचे 95,000 धरते.

भाव चढताना पाहून उरलेला पुढच्या सोमवारी न्यायचा ठरला. 19 ऑगस्टला केंद्राने कांदा निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावलं आणि सोमवारी, 21 तारखेला, जिल्ह्यातले लिलाव बंद झाले. 22 तारखेला सरकारने क्विंटलला 2,410 रुपयांनी आणखी 2 लाख टन खरेदी जाहीर केली. लिलाव पुन्हा सुरू झाले, पण 20 सप्टेंबरपासून व्यापाऱ्यांनी पुन्हा खरेदी थांबवली, ती ऑक्टोबर उजाडल्यावर सुरू झाली. माझ्या चार रकान्यांत "बाजार बंद" हा रकाना नव्हता. बंदच्या प्रत्येक आठवड्याला चाळ 2 टक्के खात होती. शुल्क दिल्लीत लागतं, व्याज कांद्याच्या वजनातून जातं.

एक गोष्ट मात्र पथ्यावर पडली. 2023चा ऑगस्ट 1901पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सोयाबीन माना टाकत होतं, काका आभाळाकडे बघत होते आणि त्याच कोरड्या हवेने चाळीतली सड आवरली. एकाच शेतात एक पीक मरत होतं आणि दुसरं त्यामुळे जगत होतं. आनंद कशाचा मानायचा हे घरात कोणालाच कळत नव्हतं.

5 ऑक्टोबरला 30 क्विंटल 2,100ने गेला. खांबावरच्या 1,716च्या वर होता, म्हणून मी सगळाच विका म्हणत होते. काका म्हणाले, "नवा लाल कांदा अजून दिसत नाही बाजारात. पाऊस उशिरा, लावण उशिरा. दसऱ्यापर्यंत थांबू." दसरा 24 ऑक्टोबरला होता. 26ला त्यांनी उरलेला 46 क्विंटल नेला. 4,000 मिळाले. दोनच दिवसांनी, 28 ऑक्टोबरला, केंद्राने टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य लावलं आणि भाव उतरू लागले.

तोंडी परीक्षा

एकूण आले 3,70,000. एप्रिलचे 28,000, ऑगस्टचे 95,000, ऑक्टोबरचे 63,000 आणि 1,84,000. सगळा माल 7 ऑगस्टला विकला असता तर एप्रिलसकट 2,16,500 आले असते. मी अहवालात लिहिलं: "शास्त्रीय व्यवस्थापनामुळे शेतकऱ्यास दीड लाखाचा अतिरिक्त लाभ."

सरांनी "शास्त्रीय" या शब्दाखाली रेघ मारली आणि विचारलं, "दसऱ्यापर्यंत थांबा हे कोणी सांगितलं?" काकांनी, मी म्हटलं. "तू काय सांगितलं होतंस?" सगळा विका. "मग शास्त्र कुणाचं?" बाहेरून आलेले परीक्षक हसले. पुढचा प्रश्न त्यांचा: "28 तारखेची अधिसूचना 25ला आली असती, तर याच व्यवस्थापनाला तुम्ही काय म्हटलं असतं?"

याला अजून माझ्याकडे नीट उत्तर नाही. 1,716 चूक नव्हता. 4,000 हा त्याचा पुरावाही नव्हता. निर्णय चांगला होता की निकाल चांगला लागला, हे वेगळं काढायला एकच हंगाम पुरत नाही आणि आमचं सत्र एकाच हंगामाचं असतं. लाल कांदा उशिरा येणार हे काकांनी शेजाऱ्यांच्या रानात बघून ओळखलं होतं. तो अंदाज पक्का होता, तो नशीब म्हणून सोडून देता येत नाही. 28 तारखेआधी दोन दिवस विकणं मात्र निव्वळ नशीब.

परीक्षकांनी आणखी एक चूक काढली, जी सरांच्याही नजरेतून सुटली होती. 950 काढताना मी 220ने भागलं होतं. विकला गेला किती? 40, 50, 30 आणि 46, म्हणजे 166 क्विंटल. उरलेला 54 क्विंटल हवेत आणि उकिरड्यात गेला. चाळीवरचा निवडणीसकट खर्च 10,000 मिळवून 2,19,000ला 166ने भागा. विकलेल्या कांद्याचा सी-2 खर्च क्विंटलला 1,319 येतो. शेतात मोजलेला खर्च आणि बाजारात पोचलेल्या मालाचा खर्च यांत पावणेचारशेचं अंतर. साठवलेल्या कांद्याचा उत्पादन खर्च कोणी सांगितला की मी आता आधी विचारते, कशाने भागलाय?

पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी शंभर वर्षांपूर्वी पिंपळे सौदागर या गावाचा असाच अभ्यास केला होता. घर न् घर, तुकडा न् तुकडा मोजून तो 1917 साली छापला. जमिनीचे इतके तुकडे झालेत की त्यावर घर चालत नाही, हे त्यांनी आकड्यांत मांडलं. त्या गावात आज आयटीवाल्यांच्या सोसायट्या आहेत. आमच्या ग्रंथालयात ते पुस्तक आहे, पण ते मी तोंडी परीक्षेनंतर वाचलं. आधी वाचायला हवं होतं.

डिसेंबर

7 डिसेंबरच्या अधिसूचनेने कांद्याची निर्यातच बंद झाली, 31 मार्चपर्यंत म्हणून. ती प्रत्यक्षात मे 2024मध्ये उठली. आमचं सत्र संपलं होतं, मी घरी होते. पंधराएक तारखेला काकांचा फोन आला. ऑक्टोबरच्या 4,000वर त्यांनी दोनाऐवजी तीन एकरांचं रोप टाकलं होतं. भाव चढला की लागवड वाढते आणि माल येईपर्यंत भाव पडलेला असतो. पाठ्यपुस्तकात त्याची कोळ्याच्या जाळ्यासारखी आकृती असते. ती मी काकांना जुलैत काढून दाखवली होती आणि त्यांनी मान डोलावली होती. पण ऑक्टोबरात हातात 1,84,000 रोख असताना आकृती कोणाला आठवते?

"रोप तयार आहे. लावू का नको?"

या वेळी मी 950 काढला नाही. बियाणं, रोपवाटिका, नांगरट झाली, ती एकरी 11,500 आता परत येणार नाही, ती सोडा म्हटलं. लावणीपासून चाळीपर्यंत पुढे एकरी 54,500 जातील. माल 110 क्विंटल धरला तर क्विंटलला 495. एप्रिलमध्ये पाचशेच्या वर मिळेल असं वाटत असेल तर पुढचा खर्च निघेल. पण तेवढेच पैसे आणि तेवढंच पाणी दुसऱ्या कशाला लावलं तर किती, तेही बघा. आणि काकूंना विचारा, तिसऱ्या एकराचे दिवस त्यांच्याकडे आहेत का.

पलीकडे शांतता. मग लांबून काकूंचा आवाज आला, शब्द कळले नाहीत.

काकांनी दोन एकर कांदा लावला. तिसऱ्यात हरभरा पेरला, उशिराच, आणि उरलेलं रोप मावसभावाला दिलं. आठवड्याने त्यांच्या मुलाने डायरीच्या पानाचा फोटो पाठवला. वर काकांच्या अक्षरात खताचा दर होता. खाली वेगळ्या पेनने, ठळक आणि थोड्या तिरक्या अक्षरात: "रोप उपटणे. बाया 4, मी 1."